पाठ

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आत वळलं की एका बोळाच्या टोकाशी जुना आखाडा लागतो. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी साडेसहाला बाहेर अंधार पडलेला असतो आणि आत एकच पिवळा दिवा, तोही मागच्या बाजूला, दारापाशी जमिनीलगत ठेवलेला. समोरच्या भिंतीत शेंदूर थापलेला मारुती आणि त्याच्या बाजूला मल्लखांब. सागवानी खांब, जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास, वर निमुळती मान आणि मानेवर बोंड. वर्षानुवर्षांच्या एरंडेलाने काळा पडलेला. एरंडेलाचा तो जड वास, त्यात ओलसर लाल मातीचा आणि पोरांच्या घामाचा वास मिसळलेला. तीसेक पोरं चार ओळींत उभी होती. पुढची ओळ बारा-तेरा वर्षांच्या मुलांची, मग त्याहून लहान, मग आणखी लहान, आणि सगळ्यात मागे, दिव्याच्या अगदी पुढ्यात, सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली. वस्तादांनी पुढच्या ओळीतल्या एका तेरा वर्षांच्या मुलाला बोटाने बाहेर बोलावलं. "आज बैठका तू घे. विसाच्या तीन." एवढंच.

मुलगा मारुतीकडे पाठ करून, ओळींकडे तोंड करून उभा राहिला आणि मोजायला लागला. पहिले आठ आकडे छान पडले. दहाच्या पुढे त्याचं अंग तापलं. तो स्वतःही बैठका मारत होता, तगडा होता, आणि नकळत त्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांच्या चालीवर जायला लागला. पुढची ओळ त्याच्याच वयाची, ती बरोबर धावत होती. मागच्या ओळीची मात्र दैना झाली. बाराव्या आकड्याला लहानगी अर्ध्यातूनच उठू लागली, पंधराव्याला त्यांचे गुडघे आत वळायला लागले, सतराव्याला दोघं-तिघं नुसतीच उभी राहून हात हलवत होती. एकाने ओरडून पाहिलं, "दादा, धीमे!" त्या मुलाला ते ऐकू गेलं नाही. दिसण्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण दिवा बरोबर त्याच्या डोळ्यांवर होता आणि दिव्यापुढची ओळ त्याला काळ्या ठिपक्यांसारखी दिसत असणार.

वस्तादांना सगळं दिसत होतं. त्यांनी एकदा मागच्या ओळीकडे पाहिलं, एकदा त्या मुलाकडे पाहिलं, आणि पाठ फिरवली. खांबाजवळ जाऊन, एरंडेलात भिजवलेलं फडकं घेऊन, भिंतीकडे तोंड करून ते खांब पुसत राहिले.

नुसतं "हळू" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. एक शब्द! त्याऐवजी चुकीच्या चालीवर पूर्ण वीस बैठका होऊ दिल्या. पहिली फेरी संपल्यावर मुलाने वस्तादांकडे पाहिलं, शाबासकी किंवा शिवी, काहीतरी मिळेल म्हणून. त्याला फक्त पाठ दिसली. मग त्याने पहिल्यांदा ओळींकडे नीट पाहिलं. थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग ओळींच्या कडेने चालत मागे गेला, सगळ्यात लहान पोराशेजारी उभा राहिला आणि त्या पोराच्या गुडघ्यांकडे बघत मोजायला लागला: ते पोर पूर्ण उठून सरळ झालं की मगच पुढचा आकडा. पुढची ओळ कुरकुरली, तिला ही चाल संथ वाटत होती. तिसऱ्या फेरीला चारही ओळी एकदम बसत होत्या, एकदम उठत होत्या. वस्ताद तेव्हा वळले. "उद्याही तूच घे," म्हणाले आणि दुसऱ्या कामाला लागले.

ती फिरवलेली पाठ मनातून जाईना. तो दुर्लक्षाचा प्रकार होता की शिकवण्याचा? आणि शिकवण्याचा असेल तर त्या वीस बैठकांचं, मागच्या ओळीतल्या त्या पोरांच्या गुडघ्यांचं काय?

बडोद्यात राहणाऱ्याला असा विचार करताना एका माणसाला टाळून पुढे जाता येत नाही. कवळाण्याच्या गोपाळरावांची, म्हणजे पुढच्या सयाजीराव महाराज गायकवाडांची, गोष्ट इथे कुणाला सांगायला नको. पण ती गोष्ट आपण सगळे ज्या पद्धतीने सांगतो त्यात एक मोठं भगदाड असतं. एका वाक्यात मुलगा "मी राज्य करायला आलोय" म्हणतो आणि पुढच्या वाक्यात कलाभवन, ग्रंथालयं, सक्तीचं शिक्षण. मधली साडेसहा वर्षं गायब. दत्तकविधान २७ मे १८७५चं आणि राज्याची पूर्ण सूत्रं हाती आली २८ डिसेंबर १८८१ला. बारा वर्षांचा, अक्षरओळखही धड नसलेला शेतकऱ्याचा मुलगा अठराव्या वर्षी राज्य चालवायला बसतो. या साडेसहा वर्षांत नेमकं काय केलं गेलं, कोणत्या क्रमाने केलं गेलं, हे खरं तर त्या गोष्टीचं पोट आहे.

एफ. ए. एच. इलियट हे सनदी अधिकारी शिक्षक म्हणून आले. मराठी, गुजराती, इंग्रजी आणि उर्दू अशा चार भाषा एकदम सुरू झाल्या. बरोबर भाऊ आणि सरदार घराण्यांतली मुलं शिकायला बसवली. ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. एकट्या शिकणाऱ्या राजपुत्राला आपण कुठे आहोत हे कधीच कळत नाही, कारण आजूबाजूचे सगळे त्याला छानच म्हणतात. शेजारचा मुलगा गणित आधी सोडवतो तेव्हा जे कळतं ते शिक्षकाच्या शंभर शेऱ्यांनी कळत नाही. पण सोबती चार-सहाच हवेत. वीस झाले की शिक्षकाचं लक्ष वाटलं जातं आणि मुलगा गर्दीत लपायला शिकतो. दिवसाची रचना अशी की सकाळी शरीराची मेहनत, मग दिवसभर धडे, संध्याकाळी घोडा आणि मैदान, रात्री दुसऱ्या दिवसाच्या धड्याची तयारी. उशिरा सुरू केलेल्या शिक्षणाची ही किंमत असते. सहाव्या वर्षापासून जे सावकाश मुरायचं ते बाराव्या वर्षानंतर कोंबावं लागतं. पुढे निद्रानाश आणि बिघडलेली प्रकृती आयुष्यभर सयाजीरावांच्या मागे लागली. त्या कोवळ्या वयातल्या ओझ्याचा त्यात वाटा नसेल असं काही मला म्हणवत नाही.

आता हीच दिनचर्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाहा. पहिल्या अधिकरणात 'वृद्धसंयोग' नावाचं छोटं प्रकरण आहे. मुंज होण्याआधी, चौलकर्म, म्हणजे जावळ, झालं की अक्षरं आणि अंक. मुंज झाल्यावर वेद आणि आन्वीक्षिकी, म्हणजे तर्काने विचार करण्याची विद्या, शिष्ट लोकांकडून. वार्ता, म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार, अध्यक्षांकडून, म्हणजे त्या त्या खात्याच्या प्रमुखांकडून. आणि दंडनीती 'वक्तृप्रयोक्तृभ्यः': जे ती सांगतात आणि जे ती प्रत्यक्ष चालवतात, त्या दोघांकडून. दिवसाच्या पहिल्या भागात हत्ती, घोडे, रथ आणि शस्त्रं. दुसऱ्या भागात इतिहास ऐकणं. उरलेल्या वेळात नवं शिकणं, शिकलेल्याची उजळणी, आणि जे डोक्यात शिरलं नाही ते पुन्हापुन्हा ऐकणं. न समजलेलं टाकून पुढे जायची मुभा नाही. किती साधा नियम आहे, आणि आज अभ्यासक्रम संपवायच्या घाईत सगळ्यात आधी बळी जातो तो याचाच.

गंमत अशी की बडोद्यात १८७५ ते १८८१ या काळात यातलं कुणी अर्थशास्त्र वाचलेलं असणं शक्यच नव्हतं. म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती ती पोथी लागली १९०५मध्ये आणि ती छापली गेली १९०९मध्ये. तरीही बडोद्यात खात्याखात्याचे प्रमुख अधिकारी त्या मुलापुढे बसले आणि आपापलं काम त्याला समजावून सांगत राहिले. 'वार्ता अध्यक्षांकडून' हे सूत्र कुणाला ठाऊक नसताना पाळलं गेलं. याचा अर्थ मी एवढाच घेतो की राज्य चालवायला शिकवायचं कसं, या प्रश्नाला खरी उत्तरं फार थोडी आहेत, आणि ज्याला मनापासून शिकवायचं असतं तो हिंडत-फिरत त्यांच्यापाशीच येतो.

त्या प्रकरणातला एक शब्द मला फार आवडतो: विनय. मराठीत आपण त्याचा अर्थ नम्रपणा असा करून ठेवलाय. तिथे त्याचा अर्थ घडवणं, वळण लावणं. मूळ धातू 'नी', नेणे. त्याच धातूपासून नेता, त्याच धातूपासून नायक, नीती, उपनयन. ज्याला कुणी नीट नेलंच नाही तो दुसऱ्यांना कुठे नेणार, हे भाषेनेच सांगून ठेवलंय. आणि कौटिल्य पुढे म्हणतो की विनय वाढावा म्हणून विद्येने थोर असलेल्यांचा सहवास नित्य हवा, कारण विनयाचं मूळ तिथे आहे. नित्य. आठवड्यातून एक तास असं नाही.

हा विनय कुणाला लागू पडतो याचीही यादी आहे: शुश्रूषा, श्रवण, ग्रहण, धारण, विज्ञान, ऊह, अपोह, तत्त्वाभिनिवेश. शुश्रूषा म्हणजे इथे आजाऱ्याची सेवा नव्हे, ऐकून घ्यायची इच्छा. मग ऐकणं, पकडणं, टिकवून ठेवणं, नीट समजणं. इथपर्यंत कोणतीही चांगली शाळा मुलाला आणून सोडते. अडतं ते सहाव्या-सातव्या पायरीवर. आपण 'ऊहापोह' असा एकच शब्द करून टाकला आणि त्याचा अर्थ चर्चा असा झाला. मुळात ते दोन आहेत. ऊह म्हणजे हातात आहे त्यावरून पुढचा अंदाज बांधणं. अपोह म्हणजे बांधलेला अंदाज चुकीचा निघाला की तो स्वतःच्या हाताने काढून टाकणं. पहिलं हुशार माणसाला जमतं. दुसरं जमायला आधी चुकावं लागतं, चूक स्वतःला दिसावी लागते, आणि ती दिसेपर्यंत कुणीतरी गप्प राहावं लागतं.

हे गप्प राहणं पुस्तकातून शिकवता येत नाही, पण त्याची कवायत बांधता येते. एखाद्या तरुणाला संस्थेचं, कारखान्याचं, पतपेढीचं काम सोपवायचं असेल तर त्याला आठवड्याला एकच प्रकरण द्यावं, आणि तेही अर्धं: एका बाजूचा अर्ज, एका बाजूची कागदपत्रं. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने पानभर निर्णय कारणांसकट लिहावा. चर्चा आधी करायची नाही. बोलता बोलता तो समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर वाचायला लागतो. लिहून झालं की दुसऱ्या बाजूचे कागद द्यावेत आणि पहिल्या पानाला हात न लावता दुसरं पान लिहायला सांगावं. दोन्ही पानं पाकिटात घालून महिनाभराने त्यालाच परत द्यावीत. तोवर प्रकरणाचं खरंच काय झालं ते कळलेलं असतं. तीन-चार महिन्यांत, म्हणजे पंधराएक प्रकरणांत, माणसाला आपली खोड कळते: आपण नेहमी पहिल्या तक्रारदाराच्या बाजूने झुकतो, की भांडण नको म्हणून मधलं काहीतरी लिहून मोकळे होतो, की आकडे न तपासताच पुढे जातो. बहुतेक ठिकाणी हे फसतं ते एकाच कारणाने. वरिष्ठाला राहवत नाही. तो पहिलं पान वाचून लगेच तोंड उघडतो.

सयाजीरावांचे दिवाण टी. माधवराव हे असं गप्प राहू शकणारे गृहस्थ असावेत, असं त्यांच्या आयुष्याकडे पाहून वाटतं. कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी घराण्यातले, मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल नावाच्या शिक्षकाच्या हाताखाली तयार झालेले. १८४९मध्ये ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, मग तिथल्याच महसूल खात्यात शिरले, १८५८मध्ये दिवाण. मग इंदुरात होळकरांकडे दोन वर्षं, आणि १८७५मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यानंतर बडोद्यात. म्हणजे मुलाला राज्यकारभार सांगणारा माणूस दिवसा तोच राज्यकारभार ओढत होता. वक्ता आणि प्रयोक्ता एकाच अंगरख्यात. १८८१मध्ये, सूत्रं हाती यायच्या तोंडावर, त्यांनी तरुण महाराजांना व्याख्यानं दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापलेली आहेत. नावातला 'मायनर' दुहेरी: किरकोळ सूचना, आणि अल्पवयीन राजासाठीच्या सूचना. प्रजेचं सुख हे राजाचं पहिलं काम, प्रकृती सांभाळ, खुशमस्कऱ्यांपासून दूर राहा, वाड्याचा खर्च आवाक्यात ठेव. त्यात तत्त्वज्ञानाचे डोंगर नाहीत. रोज दप्तरात बसणाऱ्या माणसाला ज्या खड्ड्यांत पाय जाताना दिसतात ते खड्डे दाखवून ठेवलेले आहेत.

आणि मग ते बाजूला झाले. १८८२मध्ये, म्हणजे शिष्याच्या हाती सूत्रं येऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माधवरावांनी बडोद्याची दिवाणगिरी सोडली. तरुण महाराजांना स्वतःच्या हाताने कारभार करायचा होता आणि दोघांचं जमेना. त्याआधी, १८७२मध्ये, त्रावणकोरातही हेच घडलं होतं: ज्याला लहानपणी शिकवलं त्या अयिल्यम तिरुनाळ राजाशी बिनसलं आणि दिवाणाला जावं लागलं.

दोन राज्यं, दोन शिष्य, आणि दोन्हीकडून शिक्षकालाच निघावं लागलं.

हे वाचताना वाईट वाटतं. कृतघ्नपणाचा वास येतो. पण दुसरी बाजू डोळ्यांसमोर आणली की मन थोडं शांत होतं. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाला इ.स. ४९मध्ये अकरा-बारा वर्षांच्या नीरोचा शिक्षक म्हणून बोलावलं गेलं. पाच वर्षांनी नीरो सम्राट झाला, आणि शिक्षक तिथेच राहिला: सल्लागार म्हणून, त्याची भाषणं लिहून देणारा म्हणून. तेरा वर्षं तो त्या दरबारात अडकला. ६२मध्ये त्याने निवृत्ती मागितली, नीरोने ती देण्याचं नाकारलं, आणि ६५मध्ये शिष्याच्याच हुकमाने त्याला स्वतःचा जीव द्यावा लागला. शिष्याच्या तोंडी स्वतःचे शब्द देणारा शिक्षक शिष्याला कधी बोलायला शिकवत नाही. माधवराव दोनदा निघाले, तेव्हा मागे राज्य चालवू शकणारा माणूस ठेवून निघाले. इलियटसाहेबही पुढे बडोद्यात राहिले, पण जमीनमोजणी आणि आकारणीच्या कामावर, शिक्षकाच्या खुर्चीवरून उठून.

सोपवणं एका दिवसात होत नाही. ते तुकड्यातुकड्याने करावं लागतं, आणि प्रत्येक तुकडा खरा असावा लागतो. मॅसिडोनियातल्या मीझाला ॲरिस्टॉटलकडे अलेक्झांडर गेला तो तेराव्या वर्षी, इ.स.पू. ३४३मध्ये, बरोबर इतर मुलं होतीच. सोळाव्या वर्षी बाप बायझँटियमच्या मोहिमेवर गेला तेव्हा राज्य आणि राजमुद्रा त्याच्या हाती होती. त्या काळात मैदी टोळीने बंड केलं आणि ते त्याने मोडलं. खोटं-खोटं राज्य चालवायला दिलं असतं तर खोटं-खोटंच शिकला असता. आपल्याकडे याहून जवळचं उदाहरण इंदूरच्या घराण्यातलं आहे. मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव १७५४मध्ये कुंभेरीच्या लढाईत पडले. सुनेला सती जाऊ न देता मल्हाररावांनी तिच्यावर कामं सोपवायला सुरुवात केली. १७६५ सालच्या एका पत्रात ते अहिल्याबाईंना कळवतात: चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जावं, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना जवळ ठेवावा, त्याच्या दारूगोळ्याची जमेल तेवढी तजवीज करावी, वाटेच्या संरक्षणासाठी चौक्या बसवाव्यात. काय हवं ते ठरवून दिलेलं आहे. गाड्या कुठून आणायच्या, चौकीवर कोण बसवायचा, हे तिचं तिने बघायचं. पुढच्याच वर्षी मल्हारराव गेले. १७६७पासून राज्य तिच्या हाती आलं तेव्हा तिला राज्य म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

त्या पत्रात उपदेशाचं एक वाक्य नाही, आणि म्हणूनच ते उत्तम धडा आहे.

पण या सगळ्यात एक जागा अशी आहे जिथे माझं मन अडतं. रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसच्या टिपणांचं पहिलं प्रकरण म्हणजे नुसती ऋणांची यादी आहे: आजोबांकडून हे, आईकडून ते, या गुरूकडून अमुक, त्या गुरूकडून तमुक. इतक्या काळजीने घडवलेला सम्राट, आणि त्याचा मुलगा जुलमी निघालेला कमोडस. सयाजीरावांच्या मुलांचं वाचताना तेच आठवतं. एक हार्वर्डला गेला, एक ऑक्सफर्डला. फत्तेसिंहराव १९०८मध्ये वारले, शिवाजीराव १९१९मध्ये, जयसिंहराव १९२३मध्ये, आणि बापाने तिघांनाही पोचवलं. १९३९मध्ये गादीवर नातू बसला. आजार, दैव, स्वभाव, कारणं अनेक असतील आणि मेलेल्या मुलांचा हिशेब मांडणं बरंही नव्हे. तरी वाटत राहतं की ज्या बापाला स्वतःला कुणीतरी रोज, नित्य, जवळ बसून घडवलं होतं, त्याला आपल्या मुलांसाठी जगातली उत्तम कॉलेजं परवडली, पण ती रोजची जवळीक काही विकत मिळाली नसावी. कौटिल्य म्हणतो, ज्या राजघराण्यातली मुलं घडवली गेली नाहीत ते घराणं घुणाने खाल्लेल्या लाकडासारखं, हात लागताच मोडतं. हे वाक्य कवळाण्याच्या त्या मुलासाठी किती खोटं ठरलं, आणि त्याच्या पुढच्या पिढीला किती निष्ठुरपणे लागू पडलं.

आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. सयाजीरावांना घडवण्याचा खर्च परक्या सरकारच्या देखरेखीखाली झाला, त्या सरकारला आज्ञाधारक राजा हवा होता. माणूस घडवला की तो कुणाच्या कामी येईल हे घडवणाऱ्याच्या हातात राहत नाही. १९११च्या दिल्ली दरबारात ते सम्राटापुढे एकदा थोडकं झुकले आणि पाठ फिरवून चालते झाले. त्यावर केवढा गदारोळ उठला! आणि इकडे बडोद्यात, ज्या शिक्षणाला एका मुलामागे एवढी माणसं लागली, त्याचा निदान पहिला तुकडा प्रत्येकाला मिळावा म्हणून १८९३मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू झालं आणि १९०६मध्ये ते सगळ्या राज्यात आलं. १९१३मध्ये महिना साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले आणि तिथे ड्यूई, सेलिग्मन असे गुरू त्यांना भेटले. त्याच बडोद्यात १९१७मध्ये ते नोकरीला परत आले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळाली नाही. कमाटी बागेतल्या ज्या झाडाखाली बसून त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लढायचा संकल्प केला, तिथे आज संकल्पभूमी आहे. संध्याकाळी तिथून जाताना पाय आपोआप हळू पडतात. उत्तम गुरूंनी घडवलेला माणूस समोर उभा आणि गावाला त्याच्याकडून काही शिकायची शुश्रूषा नाही, हेही याच शहरात घडलेलं आहे.

एका मुलामागे एक दिवाण, एक इंग्रज अधिकारी आणि खात्याखात्याचे प्रमुख, हे कुणाला परवडणार? शाळेत साठ मुलांचा वर्ग असतो, तिथल्या शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी त्याला एका मुलाला चुकताना शेवटपर्यंत बघत राहण्याइतका वेळ मिळत नाही. पण ते परवडणाऱ्या जागा अजून आहेत. तबल्याच्या क्लासात जुना विद्यार्थी नव्याला कायदा बसवून देतो आणि गुरुजी आतल्या खोलीत चहा पीत कान देऊन असतात. सुताराच्या दुकानात पोऱ्याला पहिल्यांदा रंधा मारायला मिळतो तो फळीच्या मागच्या बाजूला, जी कुणाला दिसणार नसते. आणि आखाडा. तिथे फी नावापुरती असते, रिक्षावाल्याचा मुलगा आणि डॉक्टरची मुलगी एकाच ओळीत असतात, आणि तेराव्या वर्षी मुलाच्या हाती तीस जणांचे गुडघे सोपवले जातात.

त्या गुडघ्यांचा प्रश्न मात्र सुटलेला नव्हता. पंधराएक दिवसांनी पुन्हा तीच वेळ, तोच आखाडा, तोच दिवा. या वेळी मोजायला पुढे उभी होती नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, आवाज पातळ, आकडा गिळत होती. तो मुलगा आता मागच्या ओळीत, लहानग्यांच्या शेजारी बैठका मारत होता. वस्ताद खांबाजवळ, भिंतीकडे तोंड, हातात फडकं. त्यांच्या थोडं मागे उभं राहिलं तेव्हा दिसलं. दिवा मागे, दारापाशी जमिनीलगत; त्यामुळे चारही ओळींच्या सावल्या त्या भिंतीवर पडलेल्या होत्या. मागची ओळ दिव्याच्या सगळ्यात जवळ, म्हणून सहा वर्षांच्या पोरांच्या सावल्या सगळ्यात मोठ्या, पार छतापर्यंत. कुणाचा गुडघा वळतोय, कोण अर्ध्यातून उठतोय, सगळं भिंतीवर उघडं. मोजणाऱ्याला जे दिसत नाही ते वस्तादांच्या अगदी नाकासमोर होतं.

मुलीचा आकडा अकराला अडखळला, मग घाईत दोन पुढे गेला. भिंतीवरची एक मोठी सावली कमरेत वाकली आणि तशीच थांबली. वस्तादांचं फडकं खांबाच्या मानेपाशी थांबलं. त्यांनी मान वळवली नाही. मागून त्या मुलाचा आवाज आला, "अगं, इकडे बघून मोज ना." मुलीने हात डोळ्यांवर आडवा धरला, दिव्याच्या उजेडातून मागे बघायचा प्रयत्न केला, आणि बारा पुन्हा म्हणाली, या वेळी हळू. वाकलेली सावली सरळ झाली. फडकं पुन्हा हलायला लागलं, आकड्याबरोबर, वरून खाली, वरून खाली.